पोतं एकदाच उचलावं

गोंदियाहून हावड्याच्या दिशेनं गाडी निघाली की आमगाव, सालेकसा ही स्टेशनं मागं पडतात आणि दोन्ही बाजूंचं रान दाट होऊ लागतं. डोंगर रुळांच्या जवळ येतात, घाट सुरू होतो, आणि या मार्गावरचं महाराष्ट्रातलं शेवटचं स्टेशन येतं, दरेकसा. पुढचं बोरतलाव छत्तीसगडात. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहांकडे निघालेल्या गोंड भाविकांनी हा परिसर फुलून जातो. एरवी इथं ऐकू येतात त्या मालगाड्या. हे माझं गाव.

मी गोंदियात एका राइस मिलच्या कचेरीत संगणकाचं काम पाहतो. ‘क्लाऊड’ आणि ‘लीन’ हे दोन शब्द माझ्या धंद्यात सारखे कानावर पडतात. पहिल्याचा अर्थ असा की, स्वतःचा संगणक न घेता दूरच्या मोठ्या संगणककेंद्रातली जागा आणि ताकद भाड्यानं वापरायची. दुसऱ्याचा अर्थ असा की, ज्यानं गिऱ्हाइकाला काहीच मिळत नाही, ते काम ओळखून काढून टाकायचं. पुस्तकं मी नंतर वाचली. हे दोन्ही शब्द मला खऱ्या अर्थानं समजले ते गावच्या रुळांच्या इतिहासातून. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मुंबईहून येणारी जी.आय.पी. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. ती ब्रॉडगेज, म्हणजे साडेपाच फूट रुंदीची. पुढं १८८०च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडं नागपूर-छत्तीसगड रेल्वे झाली, ती मात्र मीटरगेज. अरुंद रूळ बांधायला स्वस्त पडतात. पण त्या स्वस्ताईची किंमत नागपुरात मोजावी लागे. छत्तीसगडचं धान्य घेऊन आलेली गाडी मुंबईच्या रुळांवर चढू शकत नसे. प्रत्येक पोतं एका डब्यातून उतरवायचं आणि दुसऱ्या डब्यात चढवायचं. त्या उचलाउचलीत हमाली लागे, वेळ जाई, धान्य सांडे आणि पावसात भिजे. पोत्यातल्या तांदळाची चव मात्र कणभरही वाढत नसे.

१८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिनं ही मीटरगेज लाइन घेतली आणि ब्रॉडगेज केली. नवी लाइन बिलासपूरमार्गे पुढं वाढवत नेली आणि फेब्रुवारी १८९१मध्ये आसनसोलपर्यंत मालवाहतूक सुरू झाली. यात अधिक वेगवान इंजिनापेक्षा किंवा अधिक हमालांपेक्षा मोठं काम झालं ते दुसरंच. उचलाउचल करण्याचं कारणच उरलं नाही.

जपानमध्ये टोयोटा कारखान्याच्या ताइइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर नेमकी हीच दृष्टी मोटारी बनवताना वापरली. गिऱ्हाइकाला उपयोग नसलेल्या कामाला जपानीत ‘मुदा’ म्हणतात. ओनोंनी त्याचे सात प्रकार सांगितले : गरजेपेक्षा जास्त बनवणं, वाट पाहणं, विनाकारण वाहतूक, नको ती प्रक्रिया, साठा, विनाकारण हालचाल आणि सदोष माल. १९८८ साली जॉन क्राफचिक या अभ्यासकानं या पद्धतीला ‘लीन’ हे इंग्रजी नाव दिलं. १९९०च्या दशकात ती जगभर गेली आणि पुढं संगणकाच्या क्षेत्रातही शिरली.

क्लाऊडची कल्पनाही जुनी आहे. वीज किंवा पाणी जसं गावभर पुरवतात तशी संगणकशक्ती पुरवता येईल, असं जॉन मॅकार्थी या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६१ सालीच सांगितलं होतं. नाव आलं ते इंजिनिअरांच्या आकृत्यांतून. पलीकडच्या जाळ्यात नेमकं काय चालतं ते दाखवायची गरज नसली की, ते तिथं एक ढग काढत. २००६ साली अॅमेझॉननं अशी भाड्याची सेवा बाजारात आणली. मायक्रोसॉफ्टनं २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई इथं, तर अॅमेझॉननं २०१६ साली मुंबईत आपली केंद्रं उघडली.

पण आपल्याकडच्या सामान्य माणसानं या कल्पनेची चव त्याआधीच घेतली होती, ती रेल्वेच्या खिडकीवर. पूर्वी आरक्षण म्हणजे जाडजूड वह्या. वेगवेगळ्या गाड्यांच्या वेगवेगळ्या खिडक्या असत, आणि चुकीच्या रांगेत तासभर उभं राहिल्यावर ‘शेजारी जा’ असं ऐकावं लागे. परतीचं आरक्षण हवं तर दुसऱ्या गावाला तार जाई. १९८५-८६मध्ये सीएमसी या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं दिल्लीत आरक्षण संगणकावर आणलं. १९९९पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. वही खिडकीतून उठून दूरच्या संगणकात गेली. पण लोकांना सुख मिळालं ते आणखी एका निर्णयामुळं. कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. जुन्या खिडक्या तशाच ठेवून त्यांवर नुसते संगणक बसवले असते, तर रांगा तेवढ्याच राहिल्या असत्या.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी माझ्या कामात मी ती चूक केलीच.

आमच्या मिलच्या कचेरीत एक सर्व्हर होता. एका पावसाळ्यात वीज कडाडली आणि त्यात तो गेला. अकरा दिवसांच्या नोंदी गेल्या. वाचवलं ते मुनीमजींच्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्यांनी. त्यावरून आम्ही त्या नोंदी पुन्हा भरल्या. पुढं १ जुलै २०१७ला जीएसटी आला, एप्रिल २०१८पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालासाठी ई-वे बिल आलं. गोंदियाला एका बाजूनं बालाघाट आणि दुसऱ्या बाजूनं राजनांदगाव, त्यामुळं आमचे निम्मे ट्रक सीमा ओलांडणारे. मालकांना मी पटवलं आणि त्याच वर्षी सगळा हिशेब क्लाऊडवर नेला.

पहिल्या महिन्याचं बिल पाहून मालकांनी मला बोलावलं. ते अंदाजाच्या दुपटीहून जास्त होतं. कारण साधं होतं. क्लाऊडवर वापराच्या तासांप्रमाणं पैसे लागतात, आणि मी जुन्या सर्व्हरच्या सवयीनं सगळं रात्रंदिवस चालू ठेवलं होतं. कसारा घाटात मालगाडीला मागून जादा इंजिन लावतात, ते घाट संपला की सुटतं. मी ते इंजिन सपाटीवरही जोडून ठेवलं होतं. हंगामात ताकद वाढवायची आणि हंगाम सरला की कमी करायची, हा क्लाऊडचा खरा फायदा मी घेतलाच नव्हता.

ते दुरुस्त केलं, पण मिलच्या फाटकावरची रांग हलेना. तेव्हा ओनोंची आठवण झाली. ते म्हणत, जागेवर जाऊन पाहा. एका सकाळी मी धानाच्या एका ट्रॅक्टरसोबत फाटकापासून चालत निघालो. वजनकाट्यावर वजन झालं. ते चिठ्ठीवर लिहिलं गेलं. मग फाटकाच्या वहीत, गोदामाच्या वहीत, कचेरीच्या वहीत, आणि शेवटी संगणकात. तोच आकडा पाच वेळा. धान उतरायला पाऊण तास लागला, पण ट्रॅक्टर मिलमध्ये साडेचार तास उभा होता. नागपूरच्या यार्डात पोतं निदान एकदाच डबा बदलत होतं. आम्ही क्लाऊडवर नेलं होतं ते यार्डच.

मग काटा थेट संगणकाला जोडला. वजन एकदा नोंदलं की बाकी सगळ्यांनी ते वाचायचं, लिहायचं नाही. तीन वह्या बंद झाल्या. ट्रॅक्टर दीड तासात सुटू लागला. उत्साहाच्या भरात मी शेतकऱ्याच्या हातात द्यायची चिठ्ठीही बंद केली. मोबाइलवर संदेश जातोच, मग कागद कशाला?

चौथ्या दिवशी सालेकसा भागातली एक म्हातारी सोळा कट्टे धान घालून फाटकातच बसली. हलेना. नंबर मुलाचा होता आणि मुलगा कामाला पुण्यात. ‘माझं धान इथं, अन् त्याचा निरोप पुण्याला? मला कागद द्या,’ एवढंच ती म्हणत होती. मुनीमजींनी एका कागदावर वजन लिहिलं, सही केली आणि तिच्या हातात दिला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, ‘तुमच्या हिशेबात ही चिठ्ठी फालतू असेल. तिच्याजवळ पुरावा म्हणून दुसरं काहीच नाही.’

कुठलं काम फालतू ते गिऱ्हाइकाला विचारून ठरवायचं, हा लीनचा पहिला धडा. तो मी पुस्तकात वाचून विसरलो होतो. चिठ्ठी परत सुरू झाली, आता मराठीत छापलेली, खाली मुनीमजींच्या सहीची. ते स्वतः आता फाटकावर बसतात.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वह्या लिहिणारे दोन तरुण होते. एक धानाचा ओलावा तपासायचं काम शिकला. दुसऱ्याला मी काढलं नाही, पण त्याच्यासाठी कामच उरलं नाही, आणि तो वर्षभरात निघून गेला. टोयोटातही १९५० साली कामगारकपातीवरून मोठा संप झाला होता आणि किइचिरो टोयोडा यांना अध्यक्षपद सोडावं लागलं होतं. त्यातून ती कंपनी शिकली की, नोकरीची भीती असलेला माणूस सुधारणा सुचवत नाही. तो मुलगा काट्याच्या जोडणीत माझ्याहून हुशार होता. त्याला काय शिकवता येईल हे वह्या बंद करण्याआधी ठरवायला हवं होतं. ते मी ठरवलं नाही.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी दरेकसा इथं घरी अडकलो. अंगणातल्या एका कोपऱ्यातच रेंज येई. तिथं खाट टाकून मी मिलची ई-वे बिलं काढली. तांदळाचे ट्रक थांबले नाहीत. वह्या गोंदियाच्या कपाटात असत्या तर ते जमलं नसतं. रेंज गेली की मी गाड्यांचे नंबर कागदावर लिहून ठेवी, आणि परत आली की भरून टाकी. प्रवासी गाड्या बंद होत्या, पण मालगाड्या घाट चढतच होत्या. ते डबे नागपुरात रिकामे न होता थेट पुढं जाणार होते.

धंदा क्लाऊडवर नेऊ पाहणारे तरुण मला भेटतात तेव्हा मी त्यांना आधी फाटकावर पाठवतो. तुमचं पोतं किती वेळा उचललं जातं ते मोजा, असं सांगतो. आणि ते पोतं ज्याचं आहे त्याला हातात काय हवं, तेही तिथंच उभं राहून विचारून या, असंही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)