खाडीला सातबारा नसतो

उरणच्या खाडीत ओहोटी लागली की पाणी मागे सरकतं आणि करडा, चमकता चिखल उघडा पडतो. जरा थांबून पाहिलं की तो हलतोय हे लक्षात येतं. बोटभर निवटी मासळी परांवर रेटत पुढे येते, बिळाच्या तोंडाशी डोळे वटारते आणि चाहूल लागताच गडप होते. तिवरांच्या मुळांशी चिंबोऱ्या, खडकांना कालवं. ज्या घरात होडी नाही, त्या घरातली बाई या चिखलात गुडघाभर रुतून नुसत्या हातांनी संध्याकाळचं कालवण गोळा करते, उरलेलं बाजारात नेते. या मिळकतीची नोंद कुठल्याच सरकारी कागदावर नसते. शेताला सातबारा असतो, खाडीला नसतो. न्हावा-शेव्याच्या बंदराचा इतिहास इथूनच वाचायला हवा.

मुंबईचं बंदर कोंडलं होतं. प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया १८८८ चा, अलेक्झांड्रा १९१४ चा. तिन्ही गोद्या कंटेनर येण्याआधीच्या काळातल्या. कंटेनरला लागते मोकळी जागा, आणि शहर तर गोदीच्या भिंतीला येऊन टेकलेलं. तेव्हा घारापुरीच्या पलीकडचा उरणचा किनारा निवडला गेला आणि २६ मे १९८९ रोजी तिथे न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. पुढे देशातल्या प्रमुख बंदरांवरच्या कंटेनरपैकी जवळपास निम्मे एकट्या इथून जाऊ लागले. नाशिकची द्राक्षं इथूनच युरोपला जातात. या बंदराची गरज नव्हती असं कुणी म्हणू नये.

पण तारखा पाहा. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना फेब्रुवारी १९९१ ची, पर्यावरणीय परिणाम तपासण्याची १९९४ ची. हे नियम येण्याआधीच बंदर उभं राहिलं होतं. भराव पडला की भरतीचं पाणी आत शिरण्याच्या वाटा अरुंद होतात. पाणी पोचलं नाही की तिवरं वाळतात, आणि तिवरांखाली वाढणारी माशांची पिल्लं तिथे येईनाशी होतात. जिताड्यासारखा खाडीत ये-जा करणारा मासा तर पाण्याची वाट बंद झाली की संपलाच.

शेवा गाव उठलं. त्यातल्या कोळ्यांची घरं उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसवली गेली आणि तिथे त्यांना भेटली वाळवी. दाराच्या चौकटी, छताचे वासे, कपाटातले कपडे, सगळं तिने पोखरलं. नव्या जागेची मागणी करता करता त्या गावाची एक पिढी म्हातारी झाली. विस्थापनाचं इतकं बोलकं चित्र महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

पारंपरिक मच्छीमारांच्या संघटनेने दाद मागितली. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या पीठाने उरण परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. बंदर सुरू होऊन तेव्हा जवळपास २६ वर्षं झाली होती. तरी त्या निकालाचं मोल मोठं आहे. मासेमारी हीही मिळकत आहे आणि ती बुडाली तर भरून द्यावी लागते, ही गोष्ट आकड्यात मांडली गेली.

उत्तरेला डहाणूत हा हिशेब आधीच मांडला गेला होता. २० जून १९९१ ला केंद्राने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. चिकूच्या वाड्या, वारली पाडे, जंगल आणि मासेमारी यांच्यात मोठ्या उद्योगांना मर्यादा आली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली खास प्राधिकरण नेमलं गेलं. याच तालुक्यातल्या वाढवणला बंदर बांधायला निघालेल्या पी अँड ओ कंपनीचा प्रस्ताव या प्राधिकरणाने सप्टेंबर १९९८ मध्ये बेकायदा ठरवून फेटाळला. पण त्याने केवळ नकार दिले नाहीत. डहाणूचं ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र त्याने चालू राहू दिलं, मात्र धुरातला गंधकवायू काढणारी यंत्रणा बसवायला लावली. त्यासाठी कंपनीकडून ३०० कोटींची बँक हमी मागितली आणि २००७ मध्ये ती यंत्रणा बसली. वीजही मिळाली, चिकूच्या वाड्याही राहिल्या. विकास आणि निसर्ग यांचा मेळ कसा घालायचा, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण शोधायला परदेशात जायची गरज नाही.

न्यायमूर्ती धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्ये गेले. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला ना-हरकत दिली. लगोलग सप्टेंबरमध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला. सातपाटीपासून डहाणूपर्यंतचा हा पट्टा पापलेटसाठीच ओळखला जातो. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या गावांतून त्याआधीपासून घोषणा घुमत होती, ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’.

समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालून हे बंदर उभं राहणार आहे. तिथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर वीस मीटर खोली आपसूक मिळते, म्हणून अगदी मोठी जहाजंही लागू शकतील. बंदर समुद्रातच होणार असल्याने त्यापायी गाव उठणार नाही, असं सांगितलं जातं. उरणच्या त्या १,६३० कुटुंबांचं नुकसान झालं होतं तेही पाण्यातच.

म्हणून भराव पडण्याआधी एक मोजणी झाली पाहिजे. डोल जाळी कुठे लागते, कोणत्या महिन्यात पापलेटची पिल्लं किनाऱ्याजवळ येतात, होडी नसलेल्या किती बायका ओहोटीला खडकांवर उतरतात. हे कचेरीत बसून कळत नाही. ऑगस्टमध्ये बंदी उठून होड्या पाण्यात जातात तेव्हापासून मेअखेर त्या पुन्हा वर ओढल्या जाईपर्यंत, एक पूर्ण हंगाम वाढवण-वरोरच्या किनाऱ्यावर काढावा लागतो.