वितळविल्यावाचून

धातू म्हटला की भट्टी, मूस आणि लालभडक रस ही त्रयी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते, आणि ज्याचा रसच होत नाही त्याला आकार कसा यावा, अशी शंका सामान्य मनुष्याच्या मनात येणे साहजिक आहे. तथापि धातूचे पीठ करावे, ते साच्यात दाबावे आणि रस होण्याच्या पुष्कळ अलीकडे थांबणाऱ्या आचेवर कणाला कण सांधून घ्यावा, हा हुन्नर फार जुना आहे. आजच्या इक्वेडोरच्या किनाऱ्यावरील कारागीर, स्पॅनिश अंमल तेथे पोहोचण्यापूर्वीच, आपल्या चुलीवर कधीही न वितळणाऱ्या प्लॅटिनमच्या कणांत सोन्याचा चुरा मिसळून त्याचे दागिने घडवीत असत. आमच्याकडे दिल्लीच्या लोहस्तंभाला या शास्त्राचा पूर्वज म्हणण्याची प्रथा आहे. तो ओतलेला नसून तापवून ठोकलेल्या लोहगोळ्यांचा आहे एवढे खरे, परंतु गोळे म्हणजे चूर्ण नव्हे, म्हणून नाते सांगायचेच तर ते सख्खे नव्हे, चुलत.

या विद्येचा खरा दस्तऐवज लंडनचा आहे. विल्यम हाइड वॉलस्टन हा वैद्य १८०० साली आपला व्यवसाय सोडून स्मिथसन टेनंट या स्नेह्याच्या भागीदारीत रसायनाच्या धंद्यात पडला, आणि त्यांनी दक्षिण अमेरिकेतून आलेले सुमारे ६,००० औंस कच्चे प्लॅटिनम विकत घेतले. हा धातू १,७६८ अंशांवर वितळतो आणि त्या काळची कोणतीही भट्टी तेथवर पोहोचत नव्हती. वॉलस्टनने तो अम्लराजात विरघळविला, नवसागराने त्याचा साका पाडला आणि तो साका मंद आचेवर तापवून करड्या रंगाचे सच्छिद्र प्लॅटिनम मिळविले. हे हाताने चुरावे, फार तर लाकडी खलबत्त्यात लाकडी बत्त्याने कुटावे, दगडाचा किंवा लोखंडाचा खल त्याला लावू नये अशी त्याची ताकीद होती. कारण कठीण पृष्ठावर घासून कणांना एकदा झिलई चढली की ते पुढे एकमेकांना धरीत नाहीत. मग ते चूर्ण पाण्याखाली धुऊन, चिखलासारखे ओलेच पितळी नळीत भरून तरफेच्या यंत्राने दाबावयाचे, सुकवावयाचे, प्रखर आचेवर तापवावयाचे आणि हातोड्याने टोकावर ठोकावयाचे. बाजूवर एक घाव बसला तरी कांडी तडकलीच. बत्ता कोणत्या लाकडाचा आणि घाव कोणत्या अंगाने, इतक्या बारकाव्यावर ज्या धंद्याचा नफातोटा ठरतो तेथे मालक अबोल राहिला तर त्यास दोष कसा द्यावा? वॉलस्टनने कित्येक वर्षे बंदुकीच्या कानांपासून गंधकाम्लाच्या पात्रांपर्यंत नाना जिन्नसांसाठी प्लॅटिनम पुरविले, परंतु कृती सांगितली नाही. अखेर दुखणे विकोपाला गेल्यावर १८२८ च्या नोव्हेंबरात रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला, आणि २२ डिसेंबरला तो वारला.

त्यानंतरचा वंशविस्तार थोडक्यात सांगता येतो. १९१० च्या सुमारास अमेरिकेत विल्यम कूलिज याने याच मार्गाने टंगस्टनची दिव्यात घालण्याजोगी तार ओढली. पुढच्या दशकांत तेल शोषून धरणारी सच्छिद्र बेअरिंगे आली आणि जर्मनीत क्रुप कंपनीने ‘हिऱ्यासारखे’ असा अर्थ भरलेल्या ‘विडिया’ नावाने कठीण हत्यारे बाजारात आणली. येथवर चूर्णाचा मार्ग हा नाइलाजाचा मार्ग होता. दुसरा रस्ताच नसल्यामुळे गिऱ्हाइकाची मनधरणी करण्याचे कारण नव्हते. मोटारीच्या लोखंडी दातेरी चाकांना आणि बुशांना हात घातल्यावर मात्र प्रकरण पालटले. लोखंड ओतताही येते आणि कातताही येते. चूर्णाचा पक्ष तेथे केवळ काटकसरीचा, म्हणजे तासून कीस न फेकता एका दाबात हजारो नग एकसारखे काढण्याचा आहे. आणि काटकसर करावी की नाही हे ठरविणारा इसम कारखान्यात नसतो. तो दूर कोठे तरी यंत्रभागाचा नकाशा काढीत बसलेला असतो, आणि या धंद्याची खरी अडचण त्याचे अज्ञान हीच होऊन बसली.

त्याला समजावयाचे असते ते असे. मोदकाचा साचा पाकळ्या उघडून मोदक सोडतो. चूर्ण दाबणाऱ्या प्रेसमधील डाय, म्हणजे पोलादी साचा, उघडत नाही, वस्तू खालच्या पंचाने, म्हणजे दट्ट्याने, सरळ वर ढकलली जाते, म्हणून तिच्या कुशीत आडवे छिद्र किंवा खाच चालत नाही. पाण्यावरचा दाब सर्व दिशांना सारखा जातो. चूर्ण डायच्या भिंतीशी घासत अडते, आणि चौरस सेंटिमीटरला चार ते सात टनांचा भार वरून व खालून दिला तरी लांबट बुशाची कंबर पोचटच राहते. दीड मिलिमीटरपेक्षा पातळ भिंतीत चूर्ण नीट भरत नाही. डायमधून निघालेला नग, ज्याला कारखान्यात ग्रीन पार्ट म्हणतात, दिसतो पक्क्या पोलादासारखा, परंतु नखाने दाबला तर खडीसाखरेसारखी त्याची कड झडते. ११२० अंशांच्या आसपास तापणाऱ्या भट्टीच्या जाळीपट्ट्यावरून तो पार झाला म्हणजेच त्यात प्राण येतो. या तापविण्यालाच सिंटरिंग म्हणतात.

म्हणून ज्या धंद्याचा आद्यपुरुष मरणकाळापर्यंत अबोल राहिला, त्याच धंद्याला पुढे गिऱ्हाइकाच्या दारी जाऊन शिकवणी घेणे प्राप्त झाले. अमेरिकेत १९४४ साली आणि युरोपात १९८९ साली उत्पादकांचे संघ स्थापन झाले. त्यांनी मानके छापली आणि वर्ग भरविले. आमच्या पुण्याजवळच्या पिंपरीत या नगांचे आणि अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, चूर्णाचे कारखाने निघाले, तरी नकाशा काढणारा तरुण पुष्कळदा बंगळुरूस किंवा थेट श्टुटगार्टला असतो. त्याला प्रेसपाशी आणावे कसे? यावर निघालेली तजवीज म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील शिक्षण. आयआयटीतील प्राध्यापकांची या विषयावरची व्याख्याने कोणासही घरबसल्या ऐकता येतात. पडद्यावर नखाखाली झडणारी कड कळत नाही, ही उणीव मी तरी मोठी मानतो. परंतु डायचा उभा छेद, वर सरकणारा पंच आणि मध्येच अडलेली खाच ही तेथे जितकी स्वच्छ दिसतात तितकी प्रत्यक्ष प्रेसपाशी, पोलादाच्या जाड भिंतीआड, कधीच दिसत नाहीत. असा धडा पाहिलेला अभियंता आपल्या नकाशाकडे परततो, बुशाच्या अंगातले तेलाचे आडवे छिद्र खोडतो, आणि समासात टीप लिहितो की ते सिंटरिंगनंतर ड्रिलने पाडावे.