कॅरोलवुड ड्राइव्ह, 25 जून 2009

पहाटे 1:30. लॉस एंजेलिसमधलं भाड्याचं घर. मायकल जॅक्सनला झोप येत नाही. लंडनचा पहिला कार्यक्रम 18 दिवसांवर आलाय. डॉ. कॉनरॅड मरे डायझेपामची 10 मिलिग्रॅमची गोळी देतात.

पहाटे 2 ते सकाळी 7:30. लोराझेपाम, मिडाझोलाम, पुन्हा लोराझेपाम, पुन्हा मिडाझोलाम. झोप नाहीच.

10:40. प्रोपोफॉल, 25 मिलिग्रॅम. आकडा मरे यांनी स्वतः सांगितलेला. शस्त्रक्रियागृहातलं हे भुलीचं औषध श्वास थांबवू शकतं. खोलीत हृदयाचा आलेख दाखवणारं यंत्र नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे, त्याला अलार्म नाही.

11:18. मरे फोनवर. 32 मिनिटं.

11:51. दुसरा फोन, ओळखीच्या बाईला. पाचेक मिनिटांनी मरे उत्तर देईनासे होतात. तिला खोकला आणि पुटपुटणं ऐकू येतं.

12:13. मरे जॅक्सनच्या सहायकाच्या फोनवर निरोप ठेवतात, ताबडतोब फोन करा. रुग्णवाहिकेचा उल्लेख नाही.

त्यानंतरची काही मिनिटं. सुरक्षारक्षक वर येतो. त्याने न्यायालयात सांगितलं ते असं: जॅक्सन पलंगावरच होता आणि मरे एका हाताने छाती दाबत होते. गादीवर दाब दिला की गादीच खचते, हृदयापर्यंत पुरेसा दाब पोचत नाही. म्हणून पाठीखाली टणक जमीन लागते, दोन्ही तळवे छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटीमीटर खोल. नीट दिलेल्या दाबानेही फासळ्या मोडू शकतात. हात खाली घसरले तर यकृत फाटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. तरीही दाबायचंच असतं, कारण थांबलेलं हृदय वाट पाहत नाही. रक्षकाच्या साक्षीनुसार आधी औषधाच्या बाटल्या पिशवीत भरायला सांगण्यात आलं. फोन नंतर.

12:21. आपत्कालीन क्रमांक 911 ला फोन. रुग्ण पलंगावर आहे हे कळताच पलीकडून पहिली सूचना येते, त्याला जमिनीवर घ्या.

12:26. रुग्णवाहिकेचं पथक खोलीत. कोणती औषधं दिली? मरे फक्त लोराझेपामचं नाव घेतात.

12:57. रुग्णालयातून प्रयत्न थांबवण्याचा सल्ला येतो. मरे नाडी लागत असल्याचं सांगतात आणि जबाबदारी स्वतःकडे घेतात.

13:13. यूसीएलए रुग्णालय. तोच प्रश्न, तेच उत्तर. तासाहून अधिक काळ शर्थ चालते.

14:26. मृत घोषित. शवविच्छेदनात छाती दाबताना मोडलेल्या फासळ्या आढळल्या.

प्रोपोफॉल दिल्याचं मरे यांनी पोलिसांना सांगितलं 27 जूनला.