तळटीप : चौल बंदर

* चौल : अलिबागजवळ कुंडलिका खाडीच्या मुखाशी असलेले निजामशाहीचे प्रमुख बंदर. याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) मूळचा इथियोपियाचा; गुलाम म्हणून मोखा, बगदाद अशी विक्री होत तो दख्खनेत आला. निजामशाहीचा कारभार त्याच्या हाती असल्यानेच त्याच्या चरित्रात या बंदराचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. लगतच्या रेवदंड्यात पोर्तुगीजांनी १५२१मध्ये ठाणे वसवले, ते १७४०मध्ये मराठ्यांकडे आले. पुढे मुंबई वाढली आणि चौलचा व्यापार ओसरला. आज रेवदंड्याच्या पडक्या तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या शिंपल्या जातात, खाडीत कोळ्यांच्या होड्या लागतात. पलीकडच्या कोर्लईत पोर्तुगीज वळणाची बोली अजून घराघरांत ऐकू येते; तिची नोंद तातडीने व्हायला हवी.