ओढवाट

लेकीच्या बाळंतपणासाठी मी नॉर्दॅम्प्टनला चार महिने राहून आले, हे तुमच्यापैकी काहींना माहीत आहे. तिथे काय पाहिलं, असं प्रत्येकजण विचारते. लंडनची राणी आणि मोठं घड्याळ सांगायला दुसऱ्या पुष्कळजणी आहेत. मी आज एका पुलाच्या कोपऱ्यावरच्या खाचांबद्दल बोलणार आहे.

बाळ झोपलं की जावई घरी थांबायचे आणि आम्ही मायलेकी कालव्याच्या काठाने चालायला जायचो. कालवा म्हटलं की आपल्याला पाटाचं पाणी आठवतं, पाळी आठवते. हे कालवे शेतीचे नव्हेत, मालवाहतुकीचे. काठाने एक सपाट वाट जाते, तिला तिकडे टोपाथ म्हणतात. घोड्याने दोरीने नाव ओढत न्यायची, त्यासाठीची ही वाट. मी तिला ओढवाट म्हणते. वाट जिथे पुलाखालून जाते तिथे कमानीच्या कोपऱ्याला लोखंडी पट्टी बसवलेली असते. त्या पट्टीवर बोट आत जाईल एवढ्या खोल खाचा आहेत. कशाच्या? ओल्या दोरीच्या. दोरीला चिखल-वाळू लागायची आणि जाता-येता ती लोखंडाला घासायची. आपल्याकडे विहिरीच्या काठच्या दगडाला दोराने खाचा पडतात ना, तशाच.

1761 साली वर्स्ली गावच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरकडे न्यायला ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि शहरात कोळशाचा भाव निम्म्यावर आला म्हणतात. हिशेब सोपा होता. घोडा पाठीवर नेणार जेमतेम सव्वाशे किलो. तोच घोडा पाण्यातून पंचवीस-तीस टनांची नाव ओढतो. मग पुढच्या सत्तर वर्षांत देशभर कालव्यांचं जाळं झालं. मी चालले तो ग्रँड जंक्शन कालवा, लंडनला मध्य इंग्लंडशी जोडणारा. त्याला 1793 मध्ये मंजुरी मिळाली.

सुरुवातीला नावेवर पुरुष असायचे, बायकामुलं गावात घरी. मग 1840 च्या सुमारास आगगाडी आली. मालाचे दर कोसळले. नावाड्याला घरभाडंही परवडेना आणि हाताखाली पगारी माणूसही परवडेना. तेव्हा त्याने काय केलं असेल? घर सोडलं आणि बायकोला नावेवर आणलं. भाडं वाचलं, गडीही फुकट मिळाला.

नाव सत्तर फूट लांब आणि सातच फूट रुंद. बहुतेक सगळी जागा मालाला. मागच्या टोकाला संसाराची खोली, साधारण दहा फूट लांब. त्यात चूल, दिवसा कपाट आणि रात्री पलंग होणारी फळी, आणि चार-पाच मुलं. ती खोली बाईने किती नटवलेली असे, हे तिथल्या संग्रहालयात पाहिलं. भिंतीवर काठाला लेस लावलेल्या ताटल्या, घासून लखलखीत केलेले पितळी गोळे, पाण्याच्या हंड्यावर रंगवलेले गुलाब. सगळे तिथे फोटो काढत होते. मी मात्र ती दहा फूट जागा डोळ्यांनी मोजत राहिले.

काम काय करायची ती? सुकाणू धरायचं. पाण्याच्या पायऱ्या, म्हणजे लॉक, त्यांचे जड लाकडी दांडे पाठीने रेटून दारं उघडायची. मधल्या वेळात भाकरतुकडा, धुणं, मूल. घोड्यामागे चालायला बहुधा पोर असे. आणि मजुरी खेपेवर, ती नावाड्याच्या नावावर. कंपनीच्या वहीत बाईचं नावच नाही. नवरा-बायकोचा मिळून कोयता आणि उचल एकाच्या नावावर, हे ऐकणाऱ्या मैत्रिणींना मी जास्त समजावून सांगायला नको.

मुलं शाळेत कशी जाणार? आज या गावात, उद्या त्या. जॉर्ज स्मिथ नावाच्या गृहस्थाने यावर लिहून लिहून सरकारच्या मागे लागून 1877 चा कायदा करवला: प्रत्येक नावेची नोंदणी आणि खोलीत किती माणसं झोपायची याची मर्यादा. स्मिथने नावाड्यांना अडाणी, दारुडे असंही रंगवलं, ते मला पटत नाही. पण शाळेचं त्याचं म्हणणं खरं होतं, आणि तो प्रश्न कायद्याने फारसा सुटला नाही. विसाव्या शतकातही अनेक नावाडणी निरक्षरच राहिल्या.

आम्ही चालायचो त्या वाटेवर स्टोक ब्रुअर्न नावाचं गाव आहे. तिथे लॉकजवळ मेरी वॉर्ड ही नर्स राहायची. नावेवरच्या बायका दुखणं-खुपणं घेऊन, दिवस भरत आले की तिच्याकडे यायच्या. 1951 साली तिला सरकारी पदक मिळालं. मी नातवासाठी सहा वेळा डॉक्टरांकडे जाऊन आले होते, त्यामुळे तिच्या दारासमोर जरा जास्त वेळ थांबले.

दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा 1942 पासून सरकारने शहरातल्या शिकलेल्या मुली नावेवर घेतल्या. तिघींनी मिळून दोन नावा चालवायच्या: पुढची इंजिनाची, मागची ओढली जाणारी. लंडनहून बर्मिंगहॅमला माल, परत येताना कोव्हेंट्रीकडचा कोळसा. त्यांच्या बिल्ल्यावर जलमार्गाची आयडब्ल्यू ही अक्षरं होती. लोकांनी त्याची थट्टा करून ‘आयडल विमेन’, म्हणजे रिकामटेकड्या बायका, केलं. या मुलींना ठरलेला पगार होता. त्यांच्यातल्या एमा स्मिथने 1948 साली पुस्तक लिहिलं, ते गाजलं. इतरही काहींनी लिहिली. म्हणून आज आपल्याला नावेवरचं जिणं कळतं. पण लॉकचं दार कसं रेटायचं हे त्यांनी पाहून घेतलं ते पिढ्यान्‌पिढ्या नावेवर जन्मलेल्या बायकांकडून, आणि त्यांच्या हातचं पुस्तक नाही. खाचा तेवढ्या आहेत.

1962-63 च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले. आधीच मोडत आलेला धंदा त्यानंतर जवळपास संपला. आता नावा आहेत त्या सहलीच्या किंवा हौसेने राहणाऱ्यांच्या.

स्टोक ब्रुअर्नच्या पुढे कालवा टेकडीखालच्या ब्लिसवर्थ बोगद्यात शिरतो. जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांब, 1805 साली खुला झाला. आत ओढवाट नाही. मग दोन माणसं फळीवर आडवी पडून, पायांनी बोगद्याची भिंत ढकलत, अंधारातून नाव पुढे न्यायची. घोडा सोडून टेकडीवरून पलीकडे न्यायचा. आम्हीही त्याच वाटेने चढलो. वर रानात मध्येच विटांची धुराडी उभी दिसतात. ती खालच्या बोगद्याला हवा देणारी.

टेकडीवर आजूबाजूला शेतं. एक पायवाट सरळ गव्हातून गेलेली, मी कचरले. आपण कुणाच्या पिकात पाय घालत नाही. लेक म्हणाली, आई, जमीन त्याची आहे, वाट सगळ्यांची आहे. घरी येऊन मी याबद्दल वाचलं. एके काळी तिथली सामाईक गायरानं संसदेच्या कायद्यांनी कुंपणात गेली. 1815 च्या कायद्याने तर दोन दंडाधिकाऱ्यांच्या सहीने पायवाट बंद करता येऊ लागली, आणि दंडाधिकारी बहुधा जमीनदारच. लोक चिडले. 1826 मध्ये मँचेस्टरला पायवाटा वाचवायची संस्था निघाली. 1949 च्या कायद्याने पायवाटांचे नकाशे करायचं ठरलं, तेव्हा गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांनी, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतींसारख्या मंडळांनी, आपापल्या वाटांची यादी दिली. नकाशावर चढली ती वाट टिकली. शेतकऱ्याने ती नांगरली तर चौदा दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची. पाणंदीवरून भावकीत मारामाऱ्या पाहिलेल्या माझ्यासारखीला हे वाचून हेवा वाटला.

गंमत म्हणजे ओढवाट पुष्कळ ठिकाणी या हक्काच्या नकाशावर नाही. ती कंपनीची खाजगी जागा होती. आता एक ट्रस्ट बहुतेक कालवे सांभाळतो आणि चालायला मुभा देतो.

त्या दिवशी टेकडी उतरून आम्ही बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी आलो. घोडा घेऊन आलेलं पोर इथे आधी पोचायचं. मग थांबायचं, आतून बाप कधी बाहेर येतो ते बघत. आम्हीही थोडा वेळ थांबलो. आतून गार वारा येत होता. एक सहलीची नाव बाहेर आली. सुकाणूवर एक म्हातारी होती, तिने हात केला. लेक म्हणाली, चल आई, बाळ उठलं असेल.