‘य’चा कुत्रा

भारतीय दंड संहितेत एक कुत्रा होता. त्याला नाव नव्हते, जात नव्हती, मालकाचेही नुसते एक अक्षर होते. चोरीची व्याख्या करणाऱ्या कलम ३७८ खाली काही उदाहरणे दिलेली होती, त्यातले दुसरेच उदाहरण त्याचे. ‘क’ हा इसम कुत्र्याला भुलवील असे काहीतरी खिशात घालून निघतो आणि ‘य’चा कुत्रा वासावर त्याच्या मागे लागतो. ‘क’चा इरादा लबाडीचा असेल तर चोरी पूर्ण कधी झाली? कुत्रा नेऊन बांधला किंवा विकला तोपर्यंत थांबायचे कारण नाही. त्याने ‘क’च्या मागे चालायला सुरुवात केली त्या क्षणीच ती झाली. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, ३७८ चे ३०३ झाले. कुत्रा मात्र जागचा हलला नाही. उदाहरण जसेच्या तसे कायम आहे.

हे उदाहरण मी फार वर्षांपूर्वी गंमत म्हणून वाचले होते. त्याकडे परत वळायचे कारण कशेळ्याच्या पलीकडच्या एका ठाकूरवाडीतले माझे परिचित गृहस्थ. त्यांचा तांबडा राखणदार कुत्रा माळावरून कोणी उचलून नेला. नेणाऱ्या गाडीचा रंगही वाडीतल्या पोरांनी सांगितला. गृहस्थ पोलीस ठाण्यात गेले आणि अदखलपात्र नोंदीचा कागद घेऊन परत आले. मी जुनी कागदपत्रे वाचतो एवढे त्यांना माहीत, म्हणून तो कागद माझ्याकडे. “भाऊ, कुत्रा चोरणं हा गुन्हाच नाय का?” असे त्यांनी विचारले. कागदावर किमतीचा रकाना होता. “तो काय बाजारातून आणलेला हाय का? काय किंमत सांगू?” असे ते तिथे म्हणाले होते, आणि पुढचे सगळे त्या उत्तराने ठरले होते.

कुत्रा ही चोरण्याजोगी वस्तू आहे की नाही, हा प्रश्न पूर्वी मोठमोठ्या कायदेपंडितांना पडलेला आहे. इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्याचे उत्तर ‘नाही’ असे होते. गाय, मेंढी, कोंबडी खाण्याच्या उपयोगाची, म्हणून त्यांची चोरी ही चोरी. कुत्रा आणि मांजर हौसेखातर पाळलेले, हलक्या प्रतीचे प्राणी. त्यांचा मालक फार तर दिवाणी दावा लावू शकत असे. यामागे दयाबुद्धीही होती. बारा पेन्सांवरच्या चोरीला त्या काळी फाशी होती, आणि कुत्र्यापायी माणसाचा जीव जाऊ नये असे सर एडवर्ड कोकचे म्हणणे. ब्लॅकस्टोनने अठराव्या शतकात हाच नियम नोंदवला. परिणाम असा विचित्र, की कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा ही मालमत्ता होती आणि पट्ट्यातला कुत्रा नव्हता. मग १७७० मध्ये कुत्रेचोरीसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. तो पुरेना, म्हणून १८४४ मध्ये संसदेची चौकशी समिती बसली आणि १८४५ मध्ये आणखी एक कायदा झाला. लंडनमध्ये तोवर कुत्री पळवून खंडणी घेणाऱ्या टोळ्यांचा पक्का धंदा झाला होता. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट हिचा फ्लश तीनदा चोरीला गेला, आणि प्रत्येक वेळी पैसे मोजून तो सोडवावा लागला. तिसरी चोरी सप्टेंबर १८४६ मधली. म्हणजे नवा कायदा होऊन वर्ष उलटल्यावरची.

हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या संहितेतल्या त्या उदाहरणाचे मोल कळते. संहिता १८६० ची, अमलात आली १८६२ मध्ये. उदाहरणांनी कायदा समजावण्याची तिची पद्धत मेकॉलेच्या मसुद्यापासूनची. ज्या देशात कुत्र्यासाठी वेगळे कायदे करावे लागत होते, त्याच देशाच्या लोकांनी इथे कुत्र्याला साध्या चोरीच्या कलमात, खजिन्याची पेटी वाहणाऱ्या बैलाच्या शेजारी आणून बसवले. बैलाचे उदाहरण लगेच पुढचे आहे. जंगम मालमत्ता म्हणजे जंगम मालमत्ता. खाण्याची की हौसेची, हा भेद नाही. मेकॉलेवर आपण शिक्षणाच्या निमित्ताने एवढे बोलतो, पण हा भाग फारसा कोणी वाचत नाही.

मुंबईने मात्र त्याच्याही आधी या प्रश्नाचा एक वेगळाच चेहरा पाहिला होता. मोकाट कुत्री ठराविक मुदतीत मारण्याचा नियम कंपनी सरकारने केलेला होता आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. १८३२ मध्ये ही मुदत वाढवली गेली. आठ आण्यांच्या लोभाने शिपाई रस्त्यावरच्या कुत्र्यांवर थांबले नाहीत; घरांत शिरून पाळलेली कुत्री ओढून नेत असल्याची तक्रार झाली. पारशी समाजात कुत्र्याला धर्मकृत्यात स्थान आहे, प्रेतावर त्याची नजर पडावी लागते, ज्याला ते सगदीद म्हणतात. ६ जून १८३२ रोजी कोटात शिपायांवर जमाव चालून गेला. त्यात पारशी होते, तसे हिंदू, जैन आणि मुसलमानही होते. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, कुलाब्याच्या पलटणीकडे जाणारा माल अडवला गेला, लष्कर बोलवावे लागले. इतिहासात ही घटना ‘पारशी-कुत्रा दंगल’ म्हणून येते. पुढे कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडण्याची तडजोड झाली, आणि १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली.

या दंगलीकडे धर्मभावनेचा उद्रेक म्हणून पाहण्याची रीत आहे, आणि ते चूक नाही. मला तिच्यात दुसरी एक गोष्ट दिसते. सरकारने कुत्र्यावर भाव लावला आणि त्या भावाने पाळलेला आणि मोकाट यांतली रेघ पुसली. आठ आण्यांना दोन्ही सारखेच. एरवी कुत्र्याला किंमत नसते ही अडचण. इथे किंमत लागली हीच अडचण झाली.

किमतीचा हा गुंता कंपनी सरकारहून कितीतरी जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, कंटकशोधनाच्या अधिकरणात, कोंबडा, मुंगूस, मांजर, कुत्रा आणि डुक्कर यांच्या चोरीला किंवा हत्येला चौपन्न पण दंड किंवा नाकाचा शेंडा कापणे अशी शिक्षा आहे, आणि ती ठराविक किमतीच्या आतल्या प्राण्यांसाठी आहे. लगेच पुढे चांडाळ आणि अरण्यचर यांच्या बाबतीत निम्मा दंड सांगितला आहे. संस्कृतात तिथे षष्ठी आहे, आणि षष्ठी दोन्हीकडे वळते. गुन्हेगार चांडाळ वा अरण्यचर असेल तर त्याला दंड निम्मा, असा अर्थ निघतो. प्राणी त्यांचा असेल तर चोराला दंड निम्मा, असाही निघतो. मैसूरच्या शामशास्त्रींनी इंग्रजी भाषांतरात दुसरा अर्थ घेतला. कोणता बरोबर ते ठरवण्याचा माझा अधिकार नाही. संस्कृत मी चाळिशीनंतर, कर्जत लोकलमध्ये बसून शिकलो. पण दुसरा अर्थ वाचला तेव्हा मला त्या ठाकूरवाडीतला कागद आठवला, हे खरे.

आता त्या कागदाकडे वळतो. जुन्या दंड संहितेत चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होती आणि गुन्हा दखलपात्र होता. कुत्रा दहा रुपयांचा की दहा हजारांचा हे विचारण्याचे कारण नव्हते. नव्या न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये एक सवलत आली. चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांच्या आत असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू वा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. सवलत वाईट नाही. पोटासाठी भुरटी चोरी करणाऱ्या पोराला तुरुंगात घालून काय साधते? पण तिच्या जोडीला नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र ठरली. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांनी तपास करायचा नाही. ठाण्यातल्या माणसाने त्या गृहस्थांना कागद दिला तो कायद्याला धरूनच दिला.

गंमत पुढे आहे. कुत्रा मारला तर? जुन्या संहितेत जनावर मारण्याची दोन कलमे होती, ४२८ आणि ४२९. एकात दहा रुपयांची अट, दुसऱ्यात गाय-बैल-घोडा यांना कोणत्याही किमतीत संरक्षण आणि इतर जनावरांना पन्नास रुपयांची अट. नव्या संहितेत दोन्हींचे मिळून कलम ३२५ झाले आणि किमतीची अट पूर्ण काढून टाकली. कोणतेही जनावर मारा वा लुळे करा, पाच वर्षांपर्यंत कैद. म्हणजे एकाच दिवशी, एकाच कायद्याने, कुत्र्याच्या जिवाची किंमत विचारणे बंद झाले आणि त्याच्या चोरीची किंमत विचारणे सुरू झाले. हे कोणी ठरवून केले असेल असे वाटत नाही. पाच हजारांची रेघ ओढताना डोळ्यांपुढे मोबाइल, सायकल, पाकीट असणार.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ही रेघ कुठून जाते ते इथे राहणाऱ्याला लगेच दिसते. नेरळपासून चौकपर्यंत डोंगराच्या पायथ्याला फार्महाऊसे आहेत. तिथला लॅब्रेडॉर किंवा रॉटवायलर विकत घेतलेला असतो, पावती असते, लसीकरणाचे पुस्तक असते, कधी कातडीखाली चिपही असते. तो गेला तर पाच हजारांचा प्रश्नच येत नाही. ठाकूर, कातकरी, धनगर यांच्या वाड्यांवरचा कुत्रा कोणाच्या तरी कुत्रीच्या वेतातून उचललेला, भाकरीच्या तुकड्यावर वाढलेला असतो. शेळ्यांमागे माळावर तोच, रात्री बिबट्याची चाहूल लागली की भुंकणारा तोच. नवा तसा तयार व्हायला दोन पावसाळे जातात. त्याचा बाजारभाव मात्र शून्य. सरकारी मदतीच्या निकषांतही हीच तऱ्हा: आपत्तीत गाय-म्हैस मेली तर ३७,५०० रुपये, शेळीला ४,०००, कोंबडीला १००. कुत्र्याला रकानाच नाही. पशुगणनेत मात्र त्याला मोजतात.

इंग्लंडने २०२४ मध्ये पुन्हा एकदा स्वतंत्र कायदा केला. टाळेबंदीच्या काळात पिल्लांचे भाव चढले, चोऱ्यांचा बोभाटा झाला आणि पाळीव प्राण्यांच्या अपहरणाचा कायदा आला. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडला लागू, कुत्री आणि मांजरे यांच्यासाठी, पाच वर्षांपर्यंत कैद. त्यात किमतीचा हिशेब नाही, चोरी हा शब्दही नाही. प्राणी म्हणजे सामान नव्हे, हा त्यामागचा विचार मला पटतो. आपल्याकडेही असा कायदा हवा, असे आता कोणी म्हणू लागेल.

माझे मन त्याला तयार होत नाही. फ्लशची तिसरी चोरी हे एक कारण. मोठे कारण जवळचे आहे. इथल्या फार्महाऊसवरचा महागाचा कुत्रा नाहीसा झाला की पहिली विचारपूस राखणदाराची होते, आणि राखणदार बहुधा त्याच वाड्यांमधला असतो. कडक आणि वेगळा गुन्हा निर्माण केला तर तो ज्याची पोच ठाण्यापर्यंत आहे त्याच्याच उपयोगी पडेल, आणि ज्याचा तांबडा कुत्रा गेला तो माणूस फिर्यादीपेक्षा आरोपीच्या जागी आधी दिसेल. नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्याच्या मागे तुपाची वाटी घेऊन धावल्याची कथा आपल्याकडे घरोघर सांगतात. चोर कोण हे ठरवण्याची घाई नसलेला तसा माणूस चौकीवर भेटेल या भरवशावर कायदे करता येत नाहीत. मला वाटते दुरुस्ती एका ओळीची पुरेल. पाच हजारांची रेघ जिवंत जनावराला लागू नाही, एवढे अनुसूचीत लिहावे. कलम ३२५ मध्ये ते तत्त्व मान्य झालेलेच आहे. पहिल्या गुन्ह्याला समाजसेवेची सवलत खुशाल राहू द्यावी.

तरीही एक गाठ सुटत नाही. चोरी म्हणजे कोणाच्या तरी ताब्यातून नेणे. वाड्यांवर असे कितीतरी कुत्रे आहेत, की जे तीन घरी भाकरी खातात आणि चौथ्याच्या पडवीत निजतात. ‘य’चा कुत्रा म्हणायचे तर ‘य’ कोण? २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी रस्त्यावरच्या कुत्र्याला समाजाचा प्राणी असे नाव दिले आहे, पण समाजाच्या ताब्यातून चोरी होते का, हे चोरीच्या कलमात सांगितलेले नाही.

त्या गृहस्थांकडे आता नवे पिल्लू आहे, काळे, पायांत पांढरे. मी त्यांना एक कायदेशीर सल्ला दिला. राहत्या घरातून किंवा मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीतून केलेल्या चोरीला कलम ३०५ लागते. तिथे किमतीची अट नाही, सात वर्षांपर्यंत कैद आहे. गोठा हीसुद्धा इमारतच. तेव्हा रात्री पिल्लू गोठ्यात बांधत चला, म्हणजे पुन्हा असा कागद हातात यायचा नाही.

ते थोडा वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, “भाऊ, गोठ्यात बांधलेला कुत्रा माळाची राखण कशी करंल?”