न्यायसभेत पडलेले दागिने

शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ मराठी रंगभूमीवर संगीत नाटक म्हणून आणले ते गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांनी. मूळ संस्कृत नाटक दहा अंकी. त्यातला नववा अंक खटल्याचा. दागिन्यांसाठी निर्धन चारुदत्ताने पुष्पकरंडक बागेत आपली प्रेयसी गणिका वसंतसेना हिचा गळा दाबला, असा राजाचा मेहुणा शकार याचा आरोप. न्यायाधीश साक्षी घेतात, नगररक्षक वीरकाला घोड्यावरून बागेत धाडतात. श्वापदांनी फाडलेले एका स्त्रीचे प्रेत तो पाहून येतो. ते वसंतसेनेचेच का, हे कोणी विचारत नाही. खरी चूक इथेच होते.

तेवढ्यात चारुदत्ताचा मित्र मैत्रेय येतो. चारुदत्ताच्या मुलाला सोन्याची गाडी हवी म्हणून वसंतसेनेने त्याच्या मातीच्या गाडीत घातलेले दागिने परत करायला तो निघालेला असतो. शकाराशी झटापट होते आणि काखेतले दागिने भर सभेत पडतात. वसंतसेनेची आई ते निरखून सांगते, दिसायला तसेच, पण ते नव्हेत. चारुदत्त मात्र ते तिचेच असल्याचे कबूल करतो.

चारुदत्त ब्राह्मण, म्हणून न्यायाधीश हद्दपारी सुचवतात. राजा पालक तेच दागिने गळ्यात बांधून त्याला सुळावर द्यायला फर्मावतो. वधस्थानी वसंतसेना जिवंत येऊन उभी राहते, तेव्हाच तो सुटतो.